सव्वा लाखेची शिट्टी

ती. व्हर्डाताईस,

धाकट्या आर्व्हिलचा वाकून नमस्कार. (कंबर पूर्वीसारखी वाकत नाही, तेव्हा जेवढा वाकला तेवढा गोड मानून घे.) इकडे सगळं क्षेम आहे असं लिहायची रीत आहे म्हणून लिहितो, खरं काय ते पुढे येईलच. दाजींचा गुडघा कसा आहे? डॉक्टरांनी त्यांना रोज कुत्र्याला फिरवायला सांगितलं आणि आता कुत्राच लंगडतो असं तू कळवलं होतंस, त्याची काळजी लागून राहिली आहे. (कुत्र्याची.) तू पाठवलेला अंजिराचा मुरंबा पोचला, संपला, आणि बरणी मी पॉलिश भिजवायला ठेवून घेतली आहे. ती परत मागू नकोस.

फोन का केला नाही म्हणून रागावू नकोस. आमची टेलिफोनची तार अजून शेजाऱ्यापाजाऱ्यांत सामाईक आहे. मी रिसीव्हर उचलला की शेजारच्या मिस बर्निसचा दम्याचा श्वास ऐकू येतो, आणि मी बोलताना चुकलो तर ती मधूनच दुरुस्त करते. तेव्हा जे सांगायचं आहे ते कागदावरच बरं. हात धुऊन, दार लावून, एकटी असताना वाच.

तर विषय शिट्टीचा आहे. तुला ठाऊकच आहे, धान वाळवायच्या गिरणीतून सुटल्यापासून मी मागच्या छपरीत लेथ टाकून बदकं बोलवायच्या शिट्ट्या करतो. ज्युएल वारल्यावर बायकोशिवाय घरात बसवेना, आणि लेथचा आवाज असला की घर रिकामं वाटत नाही. शिट्टी घडवणं मला चांगलं जमतं, हे मी स्वतःच्या तोंडानं सांगतो, कारण सध्या दुसरं कुणी सांगत नाही. अडचण घडवण्याची नव्हतीच कधी. अडचण होती वरून लावायचं काय याची.

तुला वाटेल, यात एवढं काय आहे. (दाजींना तर वाटेलच. त्यांनी जन्मभर दारापासून कोंबड्यांच्या खुराड्यापर्यंत सगळ्याला एकच तपकिरी रंग फासला.) पण ताई, टेबलाला कुणी तोंडात धरत नाही. कपाटाला कुणी तंबाखूची थुंकी लावत नाही. शिट्टी मात्र पहाटेपासून दाढेखाली असते, तिच्यावर कॉफी सांडते, ती गळ्यातल्या दोरीला लोंबत ओल्या कोटावर घासते, दिवसातून एकदा पाण्यात पडते, आणि घरी जाताना माणूस तिला ट्रकच्या गरम हवेच्या भोकासमोर ठेवतो. सुनेनंही एवढं सोसलं नसतं.

पहिल्यांदा मी काहीच न लावता एक शिट्टी आपल्या पोस्टमन लॉयसला दिली. लाकूड नुसतं घासून गुळगुळीत केलं होतं. पाणी पिऊन ती अशी फुगली की आतला भाग बाहेर येईना, आणि शेवटी लॉयसनं ती शेगडीत घातली. मग मी अळशीच्या तेलावर आलो. तेलानं लाकडाला असं रूप येतं की बघत राहावं, पण ते वाळायला जो धीर लागतो तो माझ्यात नाही, लॉयसमध्ये तर त्याहून नाही. त्यानं ती ओलसरच खिशात टाकली. संध्याकाळी बाहेर काढली तेव्हा तिला तंबाखूचा चुरा, लोकरीचे धागे आणि इतकी पिसं चिकटली होती की जरा जोर केला असता तर ती स्वतःच उडाली असती. त्यानंतर लॅकर, ते चकचकीत रोगण. लॅकर म्हणजे आरसा. पण धुक्यातून पाणी आत शिरलं आणि आरशाला मोतीबिंदू झाला, मग त्याचे पापुद्रे निघायला लागले. लॉयस म्हणाला की एक पापुद्रा त्याच्या पोटात गेला आहे, आणि त्याला काही झालं तर पत्रं मी वाटायची.

हे सगळं चालू असताना ओलीता आली. ओलीता म्हणजे आपल्या चर्चचे डीकन, पास्टरच्या खालोखालचे कारभारी, थर्मन गॅदराइट यांची धाकटी बहीण. नवरा वारल्यापासून भावाकडेच राहते. नवऱ्याची जुनी शिट्टी बसली होती, ती दुरुस्त करायला घेऊन आली. मी आतली आवाज करणारी पात बदलून दिली, आणि वाजवून दाखवणार तेवढ्यात तिनं ती माझ्या हातातून घेऊन स्वतःच वाजवली. ताई, छपरीवरून चाललेली दोन बदकं वळून परत आली. मला त्याच क्षणी जे व्हायचं ते झालं. मी तिला सांगितलं की पात अजून नीट बसलेली नाही, पुढच्या आठवड्यात परत ये. त्यापुढचे आठवडे ती पात काही केल्या बसेना. (ओलीताला हे कळत होतं. तिनंच नंतर सांगितलं की एवढं वाईट खोटं बोलणारा माणूस नवरा म्हणून सुरक्षित असतो.)

आता मधे आले डीकन. ओलीताला भावाच्या परवानगीची गरज नाही, पण लग्नात तो पहिल्या बाकावर तोंड फुगवून बसू नये एवढी तिची इच्छा. आणि डीकन मला बघितलं की फुगत होते. कारण असं. लॅकर फसल्यावर मी लाखेकडे वळलो होतो. लाख म्हणजे तीच, पूर्वेकडच्या देशांत झाडावरचे किडे करतात ती. औषधाच्या गोळ्यांवर आणि पोरांच्या चकचकीत चॉकलेटांवर हीच लावतात, त्यामुळे तोंडात धरायला बिनधोक. बोळ्यानं फिरत्या लाकडावर पातळ पातळ हात द्यायचे, दोन श्वासांत वाळते, वर मेणाचा हात दिला की पाण्याचीही फारशी पर्वा करत नाही. पण ती भिजवायला लागतं स्पिरिट. रंगाच्या दुकानातलं स्पिरिट विषारी, ते ओठाला लागणाऱ्या वस्तूला कसं वापरणार? म्हणून पिण्याचं, शुद्ध, सर्वांत कडक स्पिरिट हवं. आणि आपल्या काउंटीत दारूबंदी. तेव्हा मी पूल ओलांडून पलीकडे गेलो, बाटली घेतली, आणि दुकानाच्या दारात डीकन त्यांच्या गाडीतून मला बघत होते. (डीकन त्या बाजूला का गेले होते हा प्रश्न मला तेव्हा सुचला नाही. भला माणूस आहे मी.)

त्यांनी ओलीताला बजावलं की बाटलीवाल्याच्या घरात माझी बहीण जायची नाही. मी जाऊन हात जोडून सांगितलं की ती बाटली लाकडासाठी आहे. यावर ते एवढंच म्हणाले, “आर्व्हिल, माझ्या ओळखीतला प्रत्येक दारुडा कुठल्या तरी लाकडासाठीच पितो.” मग मी म्हटलं, ठीक आहे, मी पुरावाच करून आणतो. बोडार्कच्या लाकडाचा एक जुना कुंपणाचा खांब माझ्याकडे होता, लिंबासारखा पिवळा, दगडासारखा टणक. त्यातून मी आयुष्यातली सर्वांत सुंदर शिट्टी घडवली आणि तिला लाखेचे हात दिले, देत राहिलो, बाटली तळाला जाईपर्यंत दिले, म्हणजे बाटली गेली कुठे हे कुणालाही बघता यावं.

इथे थांबून माझी अक्कल बघ, ताई. लाखेत एकच खोट असते. पाणी ती सोसते, थुंकी सोसते, पण दारू लागली की ती ज्यात विरघळली होती त्याची तिला आठवण येते आणि पुन्हा चिकट होते. म्हणूनच कुठलाही शहाणा कारागीर शिकाऱ्याच्या शिट्टीला लाख लावत नाही. पण मी विचार केला, अख्ख्या काउंटीत असा एकच माणूस आहे ज्याच्या ओठांना दारूचा थेंब शिवणार नाही. रविवारी त्याच विषयावर तोच तर तासभर बोलतो. थर्मन गॅदराइट यांच्याइतकं लाखेला सुरक्षित तोंड देवानं दुसरं निर्माण केलं नसेल.

डीकननं शिट्टी उजेडात फिरवून बघितली, तिच्यात स्वतःची मिशी बघितली (मिशी मोठी, पांढरी, दोन्ही बाजूंनी उतरती, ती बघूनच लोकांनी त्यांना डीकन केलं असावं), आणि म्हणाले की हंगामाच्या पहिल्या शनिवारी तिघं मिळून पाण्यातल्या झाडीत जाऊ, वाजली तर पुढचं बोलू.

त्या दिवशी थंडी अशी होती की होडीच्या वल्ह्यावर बर्फाची साय धरत होती. झाडं कमरेपर्यंत पाण्यात. आम्ही तिघं होडीत: पुढे डीकन, मधे ओलीता, मागे मी. डीकनकडे थर्मास होता. छातीसाठी डॉक्टरांनी दिलेली कॉफी, असं म्हणाले, आणि ती दुसऱ्यांना मानवत नाही असंही म्हणाले. शिट्टीनं पहिली साद घातली आणि ताई, मी माझ्याच हातावर भाळलो. असा गोड, घशातून आलेला आवाज, झाडांच्या शेंड्यांवरून पार निघून गेला. हिरव्या मानांच्या बदकांचा एक थवा वळला. डीकन माझ्याकडे बघून चक्क हसले. मग कॉफीचा घोट घेतला, मग साद घातली. पुन्हा घोट, पुन्हा साद. थवा घिरट्या घालत खाली येत होता, आणि आवाज मात्र घोटाघोटाला जाड होत चालला होता. आधी बदक, मग सर्दी झालेलं बदक, मग दाव्यात अडकलेलं वासरू. मला वाटलं पात गेली. मग आवाज बंदच झाला.

एकदम शांत झाल्यामुळे असेल, पण तो सगळा थवा आमच्यासमोर, हाताच्या अंतरावर म्हण ना, पाण्यात उतरला. मी आयुष्यात एवढी बदकं एका ठिकाणी बघितलेली नाहीत. मारा म्हणायचं काम डीकनचं. ते उभे राहिले, आणि काहीच म्हणेनात. शिट्टी तोंडात, डोळे बाहेर, दोन्ही हात हलताहेत. ओठ आणि मिशी त्या मऊ झालेल्या लाखेत बसले होते आणि वरून त्या गार वाऱ्यात लाख पुन्हा घट्ट होत होती. त्यांनी जोरात फुंकलं तर नाकातून एक बारीक आवाज आला. बदकांनी तो ऐकला, आमच्याकडे बघितलं, आणि सावकाश, काही घाई नसल्यासारखी, उडून गेली.

मी धावून (होडीत जेवढं धावता येतं तेवढं) शिट्टी ओढायला गेलो, पण मिशीही सोबत यायला लागली. ओलीता म्हणाली, थांब. तिनं शिट्टीला बोट लावून बघितलं, बोटाचा वास घेतला, मग थर्मासच्या टोपणाचा वास घेतला, आणि आपला रुमाल त्या कॉफीत बुडवून भावाची मिशी पुसायला लागली. आई पोराचं नाक पुसते तशी. जरा वेळानं शिट्टी सुटून तिच्या ओंजळीत पडली. तेव्हा ती बोलली.

“दादा, लाख कॉफीत विरघळत नाही.”

डीकननं उरलेली मिशी चाचपली. “सर्दीचं औषध आहे,” ते म्हणाले.

“कधीपासूनची सर्दी?”

“आई गेली त्या हिवाळ्यापासून.” हे त्यांनी इतक्या हळू सांगितलं की मला उगाच वाईट वाटलं. ओलीतालाही वाटलं असावं, कारण ती रागावली नाही. तिनं रुमाल पिळला, घडी करून खिशात ठेवला, आणि म्हणाली, “मग औषध घेणाऱ्यानं दुसऱ्याच्या बाटल्या मोजू नयेत.”

तिथेच तह झाला. डीकन आमच्या लग्नाला पहिल्या बाकावर बसणार, तोंड नेहमीच्या मापाचं ठेवून. बदल्यात आम्ही दोघांनी शपथ घ्यायची. जवळ बायबल नव्हतं, म्हणून शिकारीच्या परवान्यावर हात ठेवला. या काउंटीत कुणाजवळही याचा उच्चार करणार नाही, अशी शपथ. शब्द डीकनचे, मी फक्त त्यांच्या मागून म्हटले. झाकली मूठ सव्वा लाखाची.

पण मूठ झाकली ती माझ्या नाकावर. घरी गेल्यावर डीकननं मिशी उतरवली, कारण अर्धी राहिलीच नव्हती, आणि वरचा ओठ गाजरासारखा लाल. सोमवारी पेंडीच्या दुकानात सगळ्यांनी विचारलं तेव्हा ते म्हणाले, आर्व्हिलचं पॉलिश कच्चं निघालं. ताई, तुला ते दुकान माहीत आहे. तिथे माणूस पोतं घ्यायला जातो आणि दुसऱ्याची अब्रू घेऊन येतो. दुपारपर्यंत एक गाणंच झालं होतं: आर्व्हिलची शिट्टी, ओठांना चिकटी. कुणीतरी गल्ल्याजवळ मधाची बरणी ठेवून तिला माझं नाव दिलं. माझ्या ज्या शिट्ट्यांना लाखेचा वासही लागलेला नाही त्या लोकांनी परत आणून दिल्या. लॉयस तर पत्रं माझ्या डब्यात चिमट्यानं टाकतो, आणि टाकून झाल्यावर चिमटा पुसतो. आणि कळस म्हणजे पास्टरनं रविवारी बाहेरून चकाकणाऱ्या पण आतून चिकट असणाऱ्या माणसावर प्रवचन दिलं. पहिल्या बाकावरून डीकन मान डोलवत होते. माझ्या जिभेच्या टोकावर आलं होतं, पण शेजारी ओलीतानं माझा हात असा दाबला की शपथ आठवली आणि नखंही.

दुःख याचं आहे की आता मला खरा उपाय सापडला आहे. होड्यांना लावतात ते व्हार्निश, पातळ करून, हातावर हात देत, आणि प्रत्येक हात पुरता कडक होईपर्यंत ओलीता छपरीला कुलूप घालून किल्ली स्वतःकडे ठेवते. (धीर माझ्यात नाही, तो तिच्या पदरी आहे.) एक शिट्टी मी पाण्यात ठेवली, एक कॉफीत, एक त्या पूल ओलांडून आणलेल्या द्रवात. तिन्ही जशाच्या तशा. छपरीत फळीभर शिट्ट्या तयार आहेत, अप्रतिम वाजतात, आणि हात लावायला कुणी नाही. एक शब्द बोललो तर माझं नाव धुतलं जाईल, आणि तोच शब्द बोललो तर सोयरीक बुडेल. अशा कात्रीत तुझा भाऊ सापडला आहे. तू फक्त ऐकून घे. मोठ्या बहिणी असतात कशासाठी?

दाजींना नमस्कार, कुत्र्याला आशीर्वाद.

तुझा,
आर्व्हिल

ता. क. हे पत्र वाचून फाडून टाक. कुणालाही सांगू नकोस. विशेषतः तुमच्या पाइन ब्लफमधल्या त्या केस सेट करायच्या दुकानात तर अजिबात नको, कारण पेंडीच्या दुकानदाराची बायको गुरुवारी सकाळी तिथे येते आणि खिडकीजवळच्या खुर्चीत बसते. पाइन ब्लफ आपल्या काउंटीत येत नाही आणि परवान्यावरची शपथ तिथे लागू नाही हे खरं, पण मी ते केवळ भूगोल म्हणून लिहिलं. चुकून तोंडातून गेलंच, तर निदान व्हार्निशचंही सांग.

ता. क. २. वरचं पत्र मी पाकिटात घालून पिठाच्या डब्यामागे ठेवलं होतं, कारण लग्नाआधी ते तुझ्या हाती पडणं बरं नव्हतं. परवा लग्न झालं. डीकन पहिल्या बाकावर बसले, रडलेसुद्धा, केक दोनदा घेतला. आता मोडण्यासारखं काही राहिलेलं नाही, तेव्हा पत्र टाकतो. तुला बोलावलं नाही याचा राग मानू नकोस. तू समोर आली असतीस तर मी सगळं सांगून बसलो असतो, आणि तुझ्या पोटात तीळ भिजत नाही. येता गुरुवारी सवड काढ.

ता. क. ३. वन्सं, ओलीताचा नमस्कार. पिठाच्या डब्यामागे आता मीच हात घालते, हे तुमच्या भावाला अजून कळायचं आहे. पत्र वाचलं. सगळं खरं आहे, फक्त कॉफीपाशी जरा पातळ केलं आहे. दादाची कॉफी दुसऱ्यांना मानवत नाही, हे दादा म्हणाला खरा, पण थंडी फार होती आणि थर्मासला टोपणं दोन होती, दुसरं यांच्या हातात. यांच्या गळ्यातही त्याच बाटलीच्या लाखेतली शिट्टी होती, दादाच्या जोडीची. तेव्हा हे धावून गेले नाहीत. मागच्या बाजूला, मिशीला चिकटलेली शिट्टी तोंडात घेऊन, दोन्ही हात हलवत बसले होते. आधी मी दादाला सोडवलं, मग यांना. रुमाल बुडवायला थर्मास जेमतेम पुरला. मी यांच्याशी लग्न केलं, कारण सुटल्यावर यांनी पहिलं वाक्य म्हटलं ते माझी माफी मागणारं होतं, दादाचं पहिलं वाक्य सर्दीचं होतं. गुरुवारी सांगाल तेव्हा पूर्ण सांगा. सोबत लग्नाचा फोटो आहे. दुकानात तोही दाखवा. नवरदेव आणि डीकन शेजारी शेजारी उभे आहेत, आणि दोघांचेही वरचे ओठ सारखेच उघडे आहेत.